शिरड शहापूरला माझा खोकला आधीच पोचला होता

धुरपताबाईंचं नाव आधी घेते. मुक्काम शिरड शहापूर, तालुका औंढा, जिल्हा हिंगोली. त्यांनी मला ओळखदेख नसताना घरात ठेवून घेतलं, दोनदा कडू काढा पाजला, गावासमोर माझी फजिती केली आणि माझं काम वाचवलं. बाकीचं सगळं मागाहून येईल. नाव मात्र आधी लिहून टाकते, कारण मागाहून लिहायची नावं राहून जातात.

मी वासंती, देवगडकडची. शाळा सातवीत सुटली. पुण्यात एका संस्थेच्या ऑफिसात चहा, झाडलोट आणि फायली उचलून ठेवणं हे माझं काम. गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या थंडीतली. बॅटरीवाले बटणांचे मोबाईल तेव्हा खेड्यांत नुकते घरोघर पोचत होते आणि आमची संस्था त्यांवरून बीपीवाल्यांना रोज गोळीची आठवण करून देणारं मशीन बनवत होती. आधी त्यात एका शिकलेल्या बाईंचा आवाज भरला होता. पेशंटांना तो ऐकवला तर ते म्हणाले, ही बाई गाडी किती नंबरच्या फलाटावर येतेय ते सांगतेय असं वाटतं. त्याच दिवशी मी फोनवर दूधवाल्याला झापत होते. केदार सर दारात उभे राहून ऐकत राहिले आणि म्हणाले, "वासंतीताई, हाच आवाज पाहिजे."

केदार सर मशीन बनवणारे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण शिकलेले म्हणून सर. त्यांनी मला एका खोलीत बसवलं आणि मी वाचलं, "नमस्कार. आज तुम्ही बीपीची गोळी घेतली का? घेतली असेल तर एक दाबा. नसेल तर दोन दाबा." मध्ये माझा घसा खाकरला गेला. मी म्हटलं, पुन्हा वाचते. सर म्हणाले, राहू द्या, घरगुती वाटतं. त्या खाकरण्यानं पुढे काय काय केलं ते सांगतेच.

सहा महिने मशीन हिंगोली जिल्ह्यातल्या दोन ठिकाणी रोज सकाळी सातला फोन लावत होतं. एक दाबणारा माणूस शोधून सापडत नव्हता. दोनही कोणी दाबत नव्हतं. सर यादी बघून वैतागायचे. "बहुतेकांचा फोन बिझी! सकाळी सात वाजता ही माणसं बोलतात तरी कुणाशी?" शेवटी मोठ्या मॅडमनी सांगितलं की लोकांना नको असेल तर महिनाअखेरीला तिकडचे फोन बंद करू. एकदा जाऊन कारण शोधून या, चार दिवस देते. सर आधी एकदा जाऊन आले होते तेव्हा लोकांनी त्यांना म्हटलं होतं, "तुमी कशाला आलात? त्या बाईला आना." म्हणून मला नेलं.

मी हो म्हटलं, पण भीत भीत. दोन कारणं होती. फोन बंद झाले की माझा आवाज बंद, परत नुसती कपबशी. दुसरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही बीपी होतं. सरकारी दवाखान्यातून मिळालेली गोळ्यांची पाकिटं माझ्या पिशवीच्या तळाशी होती, एकही फोडलं नव्हतं. गोळी घेतली म्हणजे आजार आहे असं ठरलं, नाही घेतली तर अजून ठरायचं आहे, असं माझं गणित होतं.

सेनगावच्या बाजूचा तांडा

रात्रीच्या एसटीनं माझे गुडघे कसे मोडले ते सोडून देते. हिंगोलीला लॉजवर सामान टाकलं आणि जीपनं सेनगावकडे निघालो. आमच्याकडे चार पावलं चाललं की चढ लागतो नाहीतर उतार, आणि शेवटी समुद्र. इथे जमीन संपायचं नावच घेत नाही. काळी, सपाट, मधूनच तुरीचा हिरवा पट्टा, मधूनच वेचायचा राहिलेला कापूस. कुठे आडोसा नाही. मला सारखं वाटत होतं की कुणीतरी आपल्याकडे बघतंय. आणि बघतच होते. जीपमध्ये माझ्यासमोर बसलेल्या तिघी हिंगोली सोडल्यापासून नजर न हलवता बघत होत्या.

"कुन्या गावच्या तुमी?"

"देवगड. समुद्राकडे."

"अगं बाई! मंग हिकडं काहून?"

आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि चौकशी मनातल्या मनात करतात. इथे चौकशी आधी, मोठ्यानं. मग मात्र पाण्याबरोबर जेवणही येतं आणि उठू देत नाहीत.

तांड्यावरच्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता हे सगळे शेती करतात. तांड्याचे प्रमुख रामू नाईक, सत्तरीचे, अंगणात बाजेवर बसले होते. भोवती वीसेक माणसं जमली. सरांनी माझी ओळख करून दिली तशी नाईकांनी मान तिरकी करून मला खालवर बघितलं.

"हीच बाई कशावरून?"

"अहो, हाच आवाज आहे," सर म्हणाले.

"बोलून दाखवू द्या."

मग मी वीस माणसांसमोर, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, लाजत म्हटलं, "नमस्कार. आज तुम्ही बीपीची गोळी घेतली का?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणालाच पटलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "खाकरून दाखव."

मी खाकरले.

"व्हय व्हय! हीच!" सगळा तांडा हसला. नाईकांनी बाजेवर जागा करून दिली. मला दुधाचा चहा आला, सरांना कोरा.

सरांनी वही उघडली. "नाईक, फोन येतो का रोज?"

"येतो की. बराबर सात वाजता."

"आवाज नीट ऐकू येतो?"

"लई चांगली बाई हाय. कदी चिडत न्हाई."

"मग तुम्ही एक का दाबत नाही?"

नाईकांनी विचार केला. "गरज न्हाई पडली कदी."

सरांनी वहीत लिहिलं, 'गरज वाटत नाही.' आणि माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघितलं की मला फोन बंद झाल्याची रिंग ऐकू आली. परतताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "ताई, यांना तुम्ही आवडता. गोळी आवडत नाही." मी खिडकीबाहेर बघत बसले. मला तर गोळीचीही भीती वाटत होती आणि फोन बंद व्हायचीही.

शिरड शहापूर, दुपार

दुसऱ्या दिवशी शिरड शहापूरला समाजमंदिरात सभा ठेवली होती. गावच्या उपकेंद्राची सिस्टर बीपीचं यंत्र घेऊन आली होती. चाळीसेक बीपीवाले, बरेच नातेवाईक, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही पण सभा आहे म्हणून आलेले, असे सगळे सतरंजीवर बसले. पुढच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यातल्या एक बाई मांडी घालून सरळ बसल्या होत्या. त्यांनी मला हात जोडून "जयभीम" म्हटलं आणि लगेच विचारलं, "आवाज तूच का?"

"हो."

"खोकला कसा हाय?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"बरा न्हाई. परवाच ऐकला मी," त्या म्हणाल्या. "सा महिने झाले. एकच खोकला. आडुळसा पाठवला व्हता सिस्टरसंगं, भेटला न्हाई का?"

सिस्टर छताकडे बघायला लागली. या धुरपताबाई.

सरांनी आधी मशीन समजावून सांगितलं. आवाज एकदाच भरून ठेवलाय, मशीन आपोआप सगळ्यांना फोन लावतं, वगैरे. लोकांनी माना डोलावल्या, पण जशा कीर्तनात डोलावतात तशा. मग सर म्हणाले, बीपी मोजणं किती सोपं आहे ते आपण बघू, आणि नको तेव्हा त्यांच्या डोक्यात कल्पना आली. "वासंतीताई, बसा तुम्ही. तुमचंच दाखवू."

मी म्हटलं, माझं कशाला, तुमचंच बघू. मागून कोणीतरी ओरडलं, "बसा की बाई! आमाला रोज सांगता!" मी बसले. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. काट्याकडे बघितलं. पुन्हा फुगवला.

"बाई, तुम्हाला गोळ्या चालू आहेत का?"

खोटं बोलायला मला एक क्षण लागला असता. पण चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या सगळ्यांना मी सहा महिने तोच प्रश्न विचारत होते. मी म्हटलं, "आहेत. घेत नाही."

आधी एकजण हसला. मग सगळं समाजमंदिर हलेल असं हसू. "दोन दाबा, बाई, दोन दाबा!" कोणीतरी म्हणालं. सरांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी, पण काळी जमीन थंडीत मऊ असते, ती दुभंगत नाही.

धुरपताबाई हसल्या नाहीत. उठून त्यांनी माझ्या पिशवीत सरळ हात घातला. सगळं सामान बाजूला सारून तळाचं पाकीट काढलं. एवढ्या सहज, जणू त्यांनीच ठेवलं होतं.

"सायब," त्या सरांना म्हणाल्या, "तुमी जा लॉजवर. ही बाई मी घेऊन चालले. आज रातच्याला अन् उद्या सकाळी माझ्याकडं."

"पण आम्हाला उद्या..."

"उद्या बगू."

धुरपताबाईंचं घर

दोन खोल्या, पुढे अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तसबिरीखालच्या खिळ्याला लोकरीनं विणलेल्या पिशवीत मोबाईल टांगलेला. एका बाजूला बाजेवर धुरपताबाईंचे मालक, उजवं अंग लुळं पडलेलं. चार वर्षांमागे गोळ्या सोडल्या आणि एका दुपारी वावरातच पडले, असं बाईंनी चुलीत लाकूड सारताना सांगितलं, जसं कुणी पाऊस कधी पडला ते सांगतं. मालक बोलू शकत नव्हते. पण मी खाकरले की ते डोळे बारीक करून हसायचे. त्यांनाही ओळख पटली होती.

जेवायला ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ठेचा. बाई ठेच्यावर तुटून पडल्या. माझ्या ताटात वेगळा ठेचा आला. मी चाखला, त्यात मीठ नव्हतं.

"तुला बिनमिठाचा," बाई म्हणाल्या. "जोवर काटा उतरत न्हाई तोवर."

समुद्रकाठच्या माणसाला बिनमिठाचं जेवण म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही. वर आडुळशाचा काढा. मला खोकला नाही, तो सहा महिन्यांपूर्वीचा एकदाचाच होता, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण एका दिवसात किती खोटं उघडं पाडून घ्यायचं? मी काढा प्यायले. आणि त्यानंतर, त्यांच्या नजरेखाली, पहिली गोळी.

सकाळी अंगणात ऊन यायच्या आधी आम्ही कोरा चहा घेऊन बसलो. बाईंनी डबीतून गोळी काढली, जिभेवर ठेवली, पाणी प्यायल्या. मीही घेतली. एवढ्यात खिळ्यावरचा फोन वाजला. सात वाजले होते.

बाई उठल्या, पिशवीतून फोन काढला, त्याच्याकडे समाधानानं बघितलं आणि लाल बटण दाबून तोडला. परत पिशवीत घालून चहाला बसल्या.

"मावशी! तोडलात का?"

"मंग? घेतली की गोळी. तुज्या म्होरंच घेतली."

"पण उचलायचा ना, आणि एक दाबायचं."

"कशाला उचलायचा? येवढ्या सकाळी उठून तुला किती जनाला फोन लावायचे असतेत. प्रत्येकानं उचलून घोळत बसलं तर तुज्या जिवाला तकलीफ न्हाई का? घेतली असली की तोडायचा. तुला कळतं, झालं."

मी कप खाली ठेवला. "आणि एखाद दिवशी नाही घेतली तर?"

"मंग तोडत न्हाई. वाजू देते," त्या खाली बघून म्हणाल्या. "तोंड लपवून बसते."

"हे सगळं गाव असंच करतं?"

"आनिक कसं करायचं? माजी लेक हट्ट्याला दिली हाय. रोज सांजच्याला तिचा फोन येतो. मी तोडला की तिला कळतं, माय ठीक हाय. वाजतच राह्यला की ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हजर. पंधरा दिसाला एकदा मातर तुजा उचलते. खोकला गेला का बगाया."

मग त्यांचं काहीतरी अडलं. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं.

"तू हितं बसलीस. मंग आत्ता फोन कुनी लावला?"

"मशीननं. काल सर सांगत होते ना?"

"म्हंजी खोकला बी मशीनचाच?"

"खोकला माझाच, पण एकदाचाच. तोच रोज वाजतो."

त्यांनी स्वतःचा कप विसळला. मग म्हणाल्या, "आन् काल काढा काहून पेलीस?"

"तुम्ही एवढ्या मायेनं दिलात."

"येडी," त्या म्हणाल्या आणि दुसरा काढा आणायला आत गेल्या. तो मी का प्यायले ते अजून मला कळलेलं नाही.

पुन्हा समाजमंदिर

मी सरांना एसटीडीच्या टपरीवरून लॉजवर फोन केला. ते दहाच्या जीपनं आले, आणि समाजमंदिरात कालच्यापेक्षा जास्त गर्दी होती, कारण पुण्याच्या बाईचं बीपी कुठं पोचलं ते सगळ्यांना बघायचं होतं. सरांनी आपला कॉम्प्युटर मांडीवर उघडला. धुरपताबाईंची सहा महिन्यांची यादी काढली. रोज सकाळी सात, 'बिझी'. बिझी. बिझी. पंधरा दिवसांत एखादा 'उचलला', आणि मधे एकदा सलग पाच दिवस, 'उत्तर नाही'.

"हे पाच दिवस काय झालं होतं?" सरांनी हळूच विचारलं.

बाईंनी बोटं मोजली. "लेकीच्या बाळतपनाला हट्ट्याला गेल्ते. गोळ्या हितंच राह्यल्या. फोन संगं व्हता. वाजू दिला."

सरांनी दुसऱ्याची यादी काढली, तिसऱ्याची. एकजण म्हणाला, दिवाळीत तीन दिवस घेतली नव्हती. तिथे तीन दिवस 'उत्तर नाही'. एक बाई म्हणाल्या, नवऱ्याशी भांडण झालं त्या आठवड्यात एकही घेतली नाही, मरूनच जाते म्हटलं. तिथेही होतं. सगळ्यांसमोर. तिचा नवरा खाली मान घालून सतरंजीचा धागा ओढायला लागला.

फोन बिझी नव्हते. सगळे फोन कुणीतरी तोडले होते, आणि मशीन तुटलेल्या फोनला बिझी म्हणत होतं. हे लोक सहा महिने रोज सकाळी सातला उत्तर देत होते. सगळं उत्तर आमच्याकडे लिहून ठेवलेलं होतं. वाचायचं कसं तेवढं आम्हाला येत नव्हतं.

"म्हंजी तुमचं मशीन बहिरं हाय का?" एका म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं.

"मशीन नाही, काका," सर म्हणाले. "आम्ही."

मग सरांनी वही बाजूला ठेवली आणि लोकांनाच विचारलं, कसं ठेवायचं सांगा. सांगायला वेळ लागला नाही. तोडला म्हणजे घेतली. वाजत राहिला म्हणजे नाही घेतली. आणि उचलला तर? यावर भांडण झालं. शेवटी धुरपताबाई म्हणाल्या, "उचलला म्हंजी बोलायचंय. मंग तिकडं मानूस पायजे, मशीन न्हाई." सरांनी ते मान्य केलं, तो माणूस म्हणजे सिस्टर असं ठरलं. सिस्टरनं मान्य केलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, पण आता तेच चालतं. आणखी एक दुरुस्ती बायांनी सुचवली. नमस्कार म्हटल्यावर लगेच गोळी नको. आधी "जेवलात का?" असं हवं. सकाळी सातला? हो, सातलाच. विचारायला काय जातं?

उठायच्या आधी सिस्टरनं माझं बीपी पुन्हा मोजलं. लोक उठायला तयारच नव्हते. काटा थोडा उतरला होता. थोडाच. पण टाळ्या पडल्या.

परत

तांड्याच्या यादीतही तेच 'बिझी' निघालं, आणि मोठ्या मॅडमनी फोन चालू ठेवले. पुण्याला मी आवाज नव्यानं भरला, या वेळी पाणी पिऊन, घसा साफ करून. आठवड्यानं सिस्टरकडून निरोप आला. धुरपताबाई गावभर सांगत फिरत होत्या, "बगा, गेला का न्हाई खोकला? आमच्या काढ्यानं." त्यांना मशीनचं सगळं कळलं होतं, याची मला खात्री आहे. पण श्रेय सोडायचं नाही हेही कळलं होतं.

आता रोज सकाळी गोळी घेतली की मी मागाहून घेतलेल्या माझ्या स्वतःच्या फोनवरून त्यांना रिंग देते. त्या तोडतात. मला कळतं, त्यांनी घेतली. त्यांना कळतं, मी घेतली. आमच्या दोघींत एवढंच बोलणं होतं आणि पुरतं.

एकच गोष्ट पुरली नाही. त्या घरातून निघताना बाईंनी विचारलं होतं, "समुद्र खरंच संपत न्हाई का गं? आमच्या वावरावानी?" मी म्हटलं, दाखवीन तुम्हाला. मे महिन्यात गावी गेले तेव्हा भरतीच्या वेळी किनाऱ्यावर उभी राहिले, त्यांना फोन लावला आणि लाटांच्या दिशेनं हात लांब करून धरला, की आवाज तरी जाईल. दोन रिंग झाल्या आणि त्यांनी तोडला. पुन्हा लावला, पुन्हा तोडला. त्यांना वाटलं असेल, पोरीनं आज दोन गोळ्या घेतल्या.

तेव्हा समुद्र काही मिस्ड कॉलनं दाखवता येत नाही. धुरपताबाईंना मी एक दिवस देवगडला आणणार. मालकांना खांद्यावर घ्यायला माझे दोन भाऊ आहेत. दोघांना वाळूत बसवीन, पाणी त्यांच्या पायांपर्यंत येऊ देईन, आणि घरी आल्यावर त्यांच्या ताटात माझ्या हातची कढी वाढीन, बिनमिठाची.